दात न मोजता घेतलेला बैल

भाच्याने दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घेतली. शोरूमच्या दारात ती लाल सॅटिनच्या कापडाखाली झाकून ठेवली होती. आम्ही सगळे रांगेत उभे. कुणीतरी एक-दोन-तीन म्हटलं, कापड ओढलं, फुगे फुटले आणि भाच्याच्या हातात पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली देण्यात आली. फोटोत आमची ताई रडताना दिसते. हप्ता अजून सुरू व्हायचा होता, म्हणजे ते आनंदाश्रूच असणार.

पुण्याकडून नाशिक हायवेला लागलं की मोशीनंतर इंद्रायणी, मग चिंबळी फाटा आणि मग आमचं कुरुळी. आमच्या चहूकडे गाड्याच बनतात. चाकण पट्ट्यात महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि बजाज. अलीकडे पिंपरीला टाटा. त्या सगळ्यांना नट, बुश, रबर आणि वायरिंग पुरवणाऱ्या शेड जिथे कालपरवापर्यंत कांदा होता त्या वावरांत. मिठाईवाल्याला गोडाचं अप्रूप नसतं म्हणतात. तो नियम मिठाईपुरताच असावा.

भाचा अशाच एका कंपनीत परचेसला आहे. त्याचं काम म्हणजे सप्लायरला समोर बसवून एका बुशमागे पंधरा पैसे कमी करून घेणं. स्टील किती लागलं, मशीन किती सेकंद चाललं, स्क्रॅप किती गेलं, खोक्याची पट्टी कुणाच्या पैशाने आली, सगळं त्याच्या शीटवर असतं. स्वस्तातला पार्ट वर्षभरात तुटला तर तो महागात पडतो, या विषयावर त्याने चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन दिलं होतं. त्याला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याच माणसाने शोरूममध्ये दोनच प्रश्न विचारले: सनरूफ आहे का आणि ईएमआय किती बसेल.

सनरूफ होतं. कुरुळी फाट्यावर ते उघडलं की डंपरच्या मागची धूळ आधी आत येते, सूर्य नंतर.

आमच्या वडिलांनी चाकणच्या शनिवारच्या बाजारातून बैल आणले, ते काही असे नाही. आधी जबडा उघडून दात बघायचे: आदत आहे, दोनदाती, चारदाती की जुळलेला. मग खूर, मग खांदा. चार पावलं चालवून बघायचं. खातो किती, औताला किती वर्षं चालेल आणि त्यानंतर कोण घेईल, हेही विचारायचं. भाव शेवटी, तोही उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून. बाजारात कापडाखाली भाव असायचा आणि बैल उघडा. शोरूममध्ये गाडीवरचं कापड वाजतगाजत ओढतात, भावावरचं मात्र तसंच राहतं.

ते आम्ही हळूहळू ओढलं. एक्स-शोरूम तेरा लाख. पेट्रोल गाडी, किंमत दहा ते वीस लाखांच्या मधली, म्हणून महाराष्ट्राचा एकरकमी कर 12 टक्के, म्हणजे 1 लाख 56 हजार. (डिझेल असती तर 14 टक्के.) दहा लाखांच्या वर म्हणून एक टक्का टीसीएस, तेरा हजार, तो रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, पण दसऱ्याला खिशातूनच गेला. मग विमा. त्यात थर्ड पार्टीचा तीन वर्षांचा एकदम, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 2018 पासून तसंच आहे. मग मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, वाढीव वॉरंटी आणि 'हँडलिंग'. गाडी हाताळायचे पैसे गाडी घेणाऱ्याने का द्यायचे, हे मी विचारलं. सेल्समनने मला कॉफी दिली. बेरीज साडेपंधरा लाखांवर थांबली. साडेपाच रोख, दहा लाख कर्ज, नऊ टक्के, सात वर्षं, हप्ता 16,089.

"मामा, जीएसटी 28चा 18 झालाय," भाचा म्हणाला. "लाखभर वाचले." खरंच वाचले. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा कर उतरला. त्या वाचलेल्या लाखात दीड लाख घालून त्याने टॉप मॉडेल घेतलं.

पेढे वाटून झाल्यावर थोरले बंधू अण्णा ओट्यावरून उठले. अण्णांनी आयुष्यभर टुरिस्ट गाडी चालवली. डिझेल इंडिका, 1998च्या डिसेंबरात आली तीच, पिंपरीत बनलेली. जाहिरातीत ती कुटुंबाची गाडी होती, पण तिची खरी किंमत कळली टॅक्सीवाल्यांना, कारण त्यांच्या खिशात डायरी असायची. अण्णांची अजून आहे. डिझेल, ऑइल, पंक्चर, क्लचप्लेट, सगळं तारखेनिशी. शिवाय दर फेरीला टायरसाठी वेगळे पैसे काढून ते डालड्याच्या डब्यात टाकत. चाळीस हजार किलोमीटरला टायर गेले की डबा उघडायचा. घरात कुणी आजारी पडलं तरी त्या डब्याला हात लावला नाही, असं वहिनी अजून रागाने सांगतात.

"किती देते?" अण्णांनी विचारलं.

"अठरा. एआरएआयचा आकडा आहे, अण्णा. सर्टिफाइड."

"कुठं असतात ते?"

"कोथरूडच्या टेकडीवर. लॅबमध्ये रोलरवर गाडी पळवून मोजतात."

"रोलरवर तळेगाव चौक असतो का?"

भाचा गप्प बसला. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी शिफ्ट सुटताना जो अडकलाय, त्याला अठराचा आकडा सांगू नये. अण्णांनी तिथंच अकरा धरले, आणि पुढे पहिली टाकी संपली तेव्हा तेवढेच पडले. कंपनी खोटं बोलली नाही हो. ती वेगळ्या रस्त्याबद्दल बोलत होती, एवढंच.

मग अण्णांनी डायरीचं कोरं पान काढलं. पाच वर्षं धरू, महिन्याला हजार किलोमीटर, म्हणजे साठ हजार. गाडीची किंमत विमेवाल्यांच्या कोष्टकाने वर्ष ओलांडलं की 20 टक्के उतरते, पाचव्या वर्षात 50. साडेपंधरा लाखांना पडलेल्या गाडीचे, एक्स-शोरूम तेराचे निम्मे, साडेसहा उरले. म्हणजे नऊ लाख नुसते झिजण्यात गेले. पाच वर्षांत फेडलेलं व्याज सव्वातीन लाखांच्या जवळ. पेट्रोल 104 रुपये आणि ॲव्हरेज अकरा धरून पावणेसहा लाख. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी आणि दरवर्षीचा विमा, हात आखडून दोन लाख. बेरीज वीस लाखांच्या आसपास. भागिले साठ हजार.

"किलोमीटरला तेहतीस रुपये," अण्णा म्हणाले. "पुण्यात रिक्षाचा मीटर पुढच्या किलोमीटरला सतरा घेतो. त्यात ड्रायव्हर फुकट येतो."

घरात शांतता पसरली. ताईने पेढ्याचा बॉक्स बंद केला. मुहूर्तावर असले आकडे काढू नयेत, असं तिचं म्हणणं पडलं, आणि गावाचंही तेच मत आहे. आमच्याकडे जमीन एमआयडीसीला गेली तेव्हा गुंठामंत्र्यांनी पांढऱ्या एसयूव्ही घेतल्या, त्यांना कुणी भागाकार दाखवला नाही. दाखवला असता तर दाखवणारा पुढच्या हळदीला बोलावणं गमावून बसला असता. गाडी दारात उभी असली की लग्नं जमतात, बँकेचा माणूस खुर्ची देतो, मिसळवाला तर्री जास्त घालतो. हे उत्पन्न अण्णांच्या डायरीत कुठं लिहायचं? त्याचं कोष्टक नाही. मी भाच्याच्या बाजूनेही थोडा आहे, हे कबूल करतो. लहान लेकराला घेऊन पावसात रिक्षाला हात करणं काय असतं, ते मला माहीत आहे. गाडी घेऊ नको असं अण्णाही म्हणत नव्हते. खालचं मॉडेल घे, कर्ज चार वर्षांचं घे, आधी सर्व्हिसिंगचा खर्च त्याच गाडीच्या जुन्या मालकाला विचार, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि ते शोरूमला जाण्याआधी ऐकून घ्यायला हवं होतं.

उभा बैल कडबा खातो, पण निदान शेण देतो. उभी गाडी स्वतःचीच किंमत खाते, महिन्याला दहा हजारांच्या वर. आणि ती आता उभीच असते. ट्रॅफिकला कंटाळून भाचा दिवाळीनंतर कंपनीत बाइकवर जायला लागला. गाडी रविवारी आळंदीला किंवा जेजुरीला निघते, महिन्याला पाचशे किलोमीटर. पेट्रोल वाचतं म्हणून तो खूश होता. अण्णांनी पुन्हा पान काढलं आणि भागाकार मांडला. किलोमीटरचा भाव पन्नास ओलांडून गेला.

गाडीवर आता चांदी रंगाचं कव्हर असतं. त्याचे अडीच हजार डायरीत लिहिलेत. शेजारच्यांनी परवा बुकिंग केलं. त्यांचं सनरूफ पॅनोरमिक आहे, मागच्या सीटपर्यंत.