शनी, राहू आणि सव्वा किलो रवा

देवाधर्मात सवलत मिळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी सत्यनारायणाची पोथी एकदा सावकाश वाचावी. हा देव म्हणतो, पूजा कुठल्याही दिवशी करा. संध्याकाळी करा, म्हणजे दिवसभराची कामं उरकून. प्रसादाला गव्हाचं पीठ घ्या, नसेल तर तांदळाचं चालेल. साखर नसेल तर गूळ घाला. स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून जी कथा आपल्याकडे वाचतात, तिच्यात हे चक्क लिहिलेलं आहे. एवढा समजूतदार देव आपल्या वाट्याला आला आणि आपण मात्र भटजी अर्धा तास उशिरा आले की डोळे वटारतो.

बंगालात तर या देवाने आणखी एक सोय केली आहे. तिथे सत्यनारायणाच्या जोडीने सत्यपीर पुजला जातो आणि नैवेद्य दोघांनाही तोच : पीठ, दूध, केळी आणि गोडाची शिरणी. आपल्याकडे पिठाच्या जागी रवा आला, त्यात तूप जरा सढळ हाताने पडलं, आणि माणसं पूजेला येतो म्हणण्याऐवजी ‘प्रसादाला येतो’ म्हणू लागली.

आमच्या घरी पूजा ठरली की गुरुजी व्हॉट्सअॅपवर यादी पाठवतात. केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे, विड्याची पानं, खारका, हळकुंडं, सुटी नाणी आणि सुपाऱ्या. सुपाऱ्या जास्तच आणायच्या, कारण एक सुपारी गणपती होते आणि नऊ सुपाऱ्या नवग्रह. ज्या शनीच्या धास्तीने आमच्या आत्याने दोन चांगली स्थळं परत पाठवली, तो शनी त्या दिवशी तांदळाच्या पुंजक्यावर मुकाट बसलेला असतो. वाण्याच्या पुडीतला, किंचित किडका. शेजारी मंगळ. पत्रिकेत त्याने केवढा गोंधळ घातलेला, इथे गुरुजी त्याला दोन बोटांत धरून जरा डावीकडे सरकवतात.

मागच्या पूजेत भाच्याचा पाय चौरंगाला लागला आणि राहू निसटला. घरंगळत थेट कपाटाखाली. आत्या कासावीस. मी झाडू आणायला उठलो, तर गुरुजी मंत्र न थांबवता हातानेच ‘बसा’ म्हणाले आणि श्वास घ्यायची जागा आल्यावर बोलले, “राहूच तो. त्याच्यामागे धावू नये. दुसरी सुपारी द्या.”

“अहो पण तो तिथेच राहिला तर?”

“राहू दे की, आत्याबाई. कपाटाखाली तो कोणाला काय करणार आहे?”

पत्रिका घेऊन दारोदार हिंडणाऱ्या आत्याला आजवर कोणी इतक्या थोडक्यात मोकळं केलं नव्हतं. (कपाट अजून हलवलेलं नाही.)

पूजेला बसलेल्या जोडप्याची अवस्था खरं तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. नवऱ्याच्या अंगावर लग्नातलं सोवळं, जे लग्नात एका वेढ्यात बसलं होतं आणि आता बसत नाही. बायकोने त्याच्या हाताला हात लावून ठेवायचा, म्हणजे तिचंही पुण्य चालू राहतं. तो हात तिथे असतो, पण लक्ष स्वयंपाकघरात. “अहो, दूध!” हे दोन शब्द मंत्रांच्या मध्ये कधीतरी येतातच आणि गुरुजी त्यांना वळसा घालून पुढे जातात. ‘मम म्हणा’ म्हटलं की नवरा मम म्हणतो. एरवीही घरातले बरेचसे निर्णय याच पद्धतीने होतात, त्यामुळे त्याला सराव असतो.

मग कथा. पाच अध्याय. पहिल्याला घरची माणसं, तिसऱ्याला शेजार, पाचव्याला बाकी सगळा गाव, अशी चढती भाजणी असते. पण कथेतला तिसरा अध्याय ज्याने चुकवला त्याने साधुवाणी चुकवला, आणि तो चुकवून चालत नाही. हा गृहस्थ मूल झालं तर व्रत करीन म्हणाला. मुलगी झाली, कलावती. बायकोने, लीलावतीने, नवसाची आठवण केली तर म्हणाला, हिच्या लग्नात करू. लग्न झालं, हा जावयाला घेऊन व्यापाराला निघून गेला. मला या माणसात राक्षस वगैरे दिसत नाही. ‘पहिली तारीख होऊ दे’, ‘जरा थंडी पडली की फिरायला सुरुवात करतो’ म्हणणारे आमच्या इमारतीतले सगळे पुरुष दिसतात.

पुढे हाच साधुवाणी धनाने भरलेली नाव घेऊन परत येत असतो. वाटेत एक संन्यासी विचारतो, काय आहे रे नावेत? हा हसून सांगतो, काही नाही, वेली आणि पानं. संन्यासी म्हणतो, तसंच होवो. आणि नावेत खरोखरच पालापाचोळा. देवाने रागावून शाप दिला नाही, फक्त त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, ही मला साऱ्या पोथीतली सगळ्यात भारी थट्टा वाटते. वर्गणी मागायला गेलं की “काय सांगू, धंदाच नाही हो” म्हणणारे आमचे एक शेजारी नेमक्या या ठिकाणी पाणी प्यायला उठतात.

पूजेला आलेल्यांनी कथेत गप्पा मारू नयेत असं काहींचं मत असतं. माझं नाही. मुंबईच्या चाळींत आणि सोसायट्यांत 26 जानेवारीला महापूजा असते. सकाळी झेंडावंदन, दुपारी कथा, संध्याकाळी हळदीकुंकू. पहिल्या मजल्यावरच्या मामी आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनी पाण्याच्या टाकीवरून एकमेकींशी वर्षभर बोललेल्या नसतात. त्या दिवशी रांग एकच असते, वाण पुढे करावंच लागतं आणि ‘शिऱ्याला केळं जरा जास्त झालंय नाही?’ यावर दोघींचं एकमत होतं. तेवढ्यासाठी अध्यायातली चार वाक्यं ऐकू आली नाहीत तर नारायण मनावर घेत नसावा.

प्रसादाच्या बाबतीत मात्र तो कडक आहे. कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद न घेता धावली, तर नवऱ्यासकट नाव बुडाली. घरी जाऊन प्रसाद खाऊन आली, तेव्हा नाव वर आली. तुंगध्वज राजाने गवळ्यांच्या पूजेतला प्रसाद तिथेच टाकला, त्याचं धन आणि शंभर मुलगे गेले. मग तो त्याच गवळ्यांत येऊन बसला, पूजा केली, सगळं परत मिळालं. हा अध्याय संपता संपताच आमचे मधुमेहवाले काका दारात हजर होतात. एरवी चहात साखरेचा दाणा पडला तरी कप परत पाठवणारे.

“अगदी कणभर हं, वहिनी. डॉक्टर ओरडतात.”

पहिला द्रोण कणभर म्हणून जातो. दुसरा ‘बदाम खाली राहिले होते’ म्हणून. परवा त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, तेव्हा आत्याला राहवेना.

“भावजी, अहो साखर किती वाढेल!”

“वाढू दे,” काका झाकण उघडत म्हणाले. “तुंगध्वजाला शंभर होते. मला एकच आहे, तोही जर्मनीत. उगाच धोका कशाला पत्करू?”