विषय कोणता, सर?

परदेशात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांचं एक बरं असतं. देश कुठला ते व्हिसा ठरवतो, त्यांनी फक्त गाव ठरवायचं. माझा एक मित्र व्हिएतनामला गेला, तेव्हा हनोई की सायगॉन यावर त्यानं इतका घोळ घातला की एवढ्या वेळात त्याला व्हिएतनामी आली असती. पगार, भाडं, हवा, डास, जेवण आणि 'बोलायला माणसं' असे रकाने पाडून त्यानं तक्ता केला होता. तो त्यानं मलाही पाठवला, कारण माझं दक्षिण कोरियाचं चाललं होतं. तिथं इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीत मिरज नाही. लातूर आणि नांदेडच्या क्लासवाल्यांकडे मात्र अशी यादी नव्हती. दोन्हीकडून 'येऊन तर बघा' असा निरोप आला. मी तक्ता खिशात घातला आणि निघालो.

आमच्या घरच्यांना हाही परदेशच वाटला, आणि तो एकेकाळी होताच. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. सोलापूर ओलांडलं की राज्य बदलायचं आणि नाणंही बदलायचं. तरी त्या काळातही मास्तर आलेच. व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक मास्तर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आले, पुढं संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि निजामाचं राज्य जाईपर्यंत लढत राहिले. बाहेरून आलेल्या मास्तरांकडून इथल्या लोकांच्या अपेक्षा तेव्हापासून जरा जास्तच आहेत.

मिरजेहून लातूरला रेल्वे जाते. हा मार्ग एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांचा होता. आता रूळ रुंद झालेत, बाकावर बसणाऱ्यांची संख्याही त्याच प्रमाणात रुंदावली आहे. समोरच्या आजोबांनी बजावलं, "झोपू नका. झोपलात तर लातूर रोडला जाग येईल." लातूर रोड हे जंक्शन लातुरात नाही, चाकूर तालुक्यात आहे. लातूरला जाणारा रस्ता तिथून सुरू होतो, एवढ्याच भांडवलावर त्यानं हे नाव मिळवलं असावं.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्या मामांनी पहिल्याच वाक्यात विचारलं, "कुठं सोडू, सर?"

"मी सर आहे हे कसं ओळखलं?"

"इथं बाहेरचा माणूस उतरला की एक तर सर असतोय, नायतर पोराला सोडाया आलेला बाप. बापाच्या डोक्यावर गादी असती."

मामांचं निरीक्षण अचूक होतं. ट्यूशन एरियात पोचेपर्यंत गुंडाळलेल्या गाद्याच गाद्या दिसल्या. इथल्या इमारतींच्या भिंती कुठल्या रंगाच्या आहेत ते कळत नाही, कारण वर वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'मध्ये ७२० पैकी इतके गुण मिळवलेल्या पोरापोरींचे फलक आहेत. त्याखाली मेस, अभ्यासिका, वसतिगृह, झेरॉक्स, पुन्हा मेस. रस्त्यानं चालणारी सगळी माणसं सतरा वर्षांची, पाठीवर दप्तर, डोळ्याखाली काळं आणि ओठांवर काहीतरी पुटपुटणं. मला वाटलं स्तोत्र असेल. जवळ गेलो तर प्राण्यांचं वर्गीकरण चाललं होतं.

खोली दाखवणारे काका धोतरातले, पण व्यवहार अद्ययावत. "भूकंपानंतरचं बांधकाम हाय, कॉलम बघा." १९९३ च्या किल्लारीनंतर इथं घर दाखवताना आधी खांब दाखवतात, मग खिडकी. मी खांबांचं कौतुक केलं. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"विषय कोणता, सर?"

"इंग्रजी."

काकांनी किल्ली खिशात ठेवली. "नीटला इंग्रजी असतंय का?"

"नाही."

"जेईईला?"

"तिथंही नाही. पण बारावीला आहे."

"बारावी तर होतीच की," काका म्हणाले. वरचा मजला फिजिक्सच्या सरांसाठी राखीव निघाला. बायोलॉजीच्या सरांना गच्ची होती. मला जिन्याखालची खोली दाखवण्यात आली.

मला राहवलं नाही. म्हटलं, काका, ज्या लातूर पॅटर्नवर हा अख्खा परिसर उभा आहे, त्याचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते डॉ. जनार्दन वाघमारे इंग्रजीचेच प्राध्यापक. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य त्यांनी मराठीत समजावून सांगितलं.

"तेच तर सांगलालोय," काका म्हणाले, "त्यांनी इंग्रजीत राहून बाकीच्या विषयांची सोय लावली. तुमी काय करणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी गाव विचारल्यावर मी खरं ते सांगितलं : मिरज. काका एकदम उठून उभे राहिले. २०१६ च्या एप्रिलात लातूरच्या घागरी कोरड्या पडल्या, तेव्हा मिरजेहून जलदूत नावाची पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. "तुमचं पाणी पिलोय आम्ही! अगं, मिरजेचे सर आलेत, चहा टाक." त्या रेल्वेच्या वेळी मी काहीही केलेलं नव्हतं, मिरजेच्या स्टेशनावर उभं राहून 'एवढं पाणी चाललं' असं म्हणालो असेन, इतकंच. पण जिन्याखालची खोली तिथल्या तिथं पहिल्या मजल्यावर गेली. मी तक्त्यात 'पाणी' असा नवा रकाना पाडला आणि विचारलं, नळ किती दिवसांनी?

"आठवड्यानं. पण बोअर हाय," काका म्हणाले. पुढं नजर चुकवून, "हाय म्हणजे, हाय."

संध्याकाळी गंजगोलाई पाहिली. गोल इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. बाहेरच्या माणसानं इथं रस्ता विचारू नये. ज्याला त्याला आपापला रस्ता सरळ वाटतो, आणि गोल फिरून आपण पुन्हा त्याच बांगड्यांच्या दुकानापाशी येतो. तिसऱ्यांदा दिसल्यावर दुकानदार म्हणाला, "घ्या आता, सर. वहिनींच्या नशिबात हायत." त्यानंच निलंगा राईस कुठं खायचा ते सांगितलं. जेवणाच्या रकान्यात लातूरला भरघोस गुण पडले. शिवाय येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं शहर शेतात भज्जी आणि आंबील खायला जातं आणि ओळखदेख नसली तरी कुणीतरी ओढून नेतंच, हेही कळलं. हनोईत अशी सोय असल्याचं मित्रानं लिहिलेलं नव्हतं.

निघताना काकांनी नांदेडबद्दल सावध केलं. "निवांत गाव हाय ते. तिथं गेलेला माणूस कामाचा राहत नाही." मग आवाज चढवून, "आणि आमचं आयुक्तालय पळवायला निघाले होते!" २००९ साली नवं महसूल आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय झाला, तेव्हा लातूर पेटून उठलं होतं. दोन्ही गावांचं आयुक्तालय अजूनही छत्रपती संभाजीनगरातच आहे, पण त्यावरचा राग दोन्ही गावांनी आपापल्या वाट्याचा घरी आणून ठेवलाय. मुख्यमंत्र्यांची बेरीज केली तर बरोबरी होते : तिकडं शंकरराव आणि अशोक चव्हाण, इकडं शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. त्यामुळे सामना अनिर्णित आहे, आणि प्रेक्षक घरी जायला तयार नाहीत.

चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली. उन्हानं स्वागत केलं. वजिराबादेत रिक्षावाला हिंदीत बोलला, रसवंतीवाला मराठीत, आणि त्यांचं एकमेकांशी जे चाललं होतं त्यात दोन्ही होतं, शिवाय तेलुगूही असावं. 'बोलायला माणसं' या रकान्यात नांदेडनं लातूरला गारद केलं. चहाच्या टपरीवर बाजूच्या गृहस्थांनी विषय विचारला. मी भीत भीत इंग्रजी म्हणालो. ते म्हणाले, "वा! मग काय वाचता सध्या?" कुरुंदकर गुरुजींचं गाव हे. पीपल्स कॉलेजात विचारवंत नरहर कुरुंदकर शिकवत आणि प्राचार्यही होते. त्यांना जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली तरी इथं चहासोबत मत मागतात. मी सध्या खोल्यांच्या जाहिराती वाचत होतो. तसं सांगितलं नाही.

जेवणाच्या खर्चाचा रकाना सचखंड गुरुद्वाऱ्यानं निकालात काढला. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथं देह ठेवला, महाराजा रणजितसिंगांनी पुढं वास्तू उभारली, आणि लंगरात पंगतीला बसताना कुणी विषय विचारत नाही. क्लासमधला एक पोरगा मला तिथं हौसेनं घेऊन गेला होता. "सर, फॉरेनचे लोक येऊ लालेत बघा. बोला की त्यांच्याशी." खरंच, परदेशातून येणाऱ्या शीख भाविकांची इथं रीघ असते. त्यानं बर्मिंगहॅमच्या एका पगडीधारी आजोबांना माझ्यासमोर आणून उभं केलं. मी व्याकरणशुद्ध इंग्रजीत विचारपूस केली. आजोबांनी जे उत्तर दिलं त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. माझं त्यांना कळलं असावं असं चेहऱ्यावरून वाटेना. दोघंही थोडा वेळ हसत उभे राहिलो. मग ते म्हणाले, "लंगर छका, पुत्तर?" आणि सगळं सुरळीत झालं.

पोरगा परतताना गप्प होता. पुलाजवळ आल्यावर म्हणाला, "सर, तुमी शिकवता ते इंग्लिश कोणत्या गावात चालतंय?"

घरमालकीण मावशींनी मात्र खोली लगेच दिली. "लातूर बघून आलात? तिथं माणसं राहतात का, बाबा? तिथं पोरं राहतात." गोदावरी जवळ, विष्णुपुरीचं धरण उशाशी, पाण्याची काळजी नाही, असंही सांगितलं. उन्हाळ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "कूलर आहे ना." कूलर होता. कूलरला घालायचं पाणी खालून बादलीनं वर न्यायचं होतं.

निर्णय होईना, तेव्हा मी पूर्वपीठिका तपासली. वाघमारे सर लातूरला प्राचार्य होते. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं, तेव्हा ते नांदेडला पहिले कुलगुरू झाले. पुढं लातूरला परत येऊन नगराध्यक्ष झाले. म्हणजे त्यांच्यावरूनही काही ठरेना. शेवटी मी नांदेडला हो म्हणालो. बर्मिंगहॅमच्या आजोबांचं ते एक वाक्य कधीतरी समजावं, हाही त्यात एक भाग होता.

क्लासच्या मालकांनी पेढा दिला आणि म्हणाले, "सर, एक सांगायचं राहिलं. आपली लातूरलाही ब्रँच आहे. शनिवार-रविवार तिकडं घ्यायचं."

आता एसटीचे कंडक्टर ओळखीचे झालेत. परवा एकानं तिकीट फाडताना विचारलं, "सर, एवढी धावपळ कशाला? अहमदपूरला का नाही राहत? दोन्ही गावं सारखीच लांब."

स्टँडमागं एक खोली आहे म्हणे. घरमालकानं कंडक्टरकडेच निरोप दिलाय : विषय कोणता ते आधी कळवा.