वाचनाची पाणीपाळी

सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्याला पाळीनं सुटतं; गावोगावच्या वाचनालयांत वाचनही तसंच सुटतं. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. हार, नारळ, दीपप्रज्वलन, फोटो, अहवाल. त्या दिवशी पुस्तकं टेबलावर मांडायची. संध्याकाळी पुन्हा कपाटात, किल्ली अध्यक्षांच्या खिशात.

1967 च्या कायद्यानं ग्रंथालयांना अनुदानाचा रस्ता खुला केला. पुढे अ, ब, क, ड असे वर्गही आले. वाचकांचा वर्ग मात्र अजून ठरायचाय. 2012 साली महसूल खात्यानं राज्यभर पडताळणी केली, तेव्हा काही ग्रंथालयं फक्त कागदावर सापडली. उगाच ओरड झाली. ग्रंथालय कागदावर नसेल तर कुठं असेल?

पुस्तकं वापरासाठी असतात, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 सालीच सूत्रात बांधलं. ते सूत्र आम्ही तंतोतंत पाळतो: ग्रंथपाल दिनी त्यांची तसबीर टेबलावर सरळ उभी राहावी म्हणून मागं जाडजूड विश्वकोश लावतो.

बाकी गर्दी म्हणाल तर आहे की! पोलीस भरतीची पोरं रोज येतात. पुस्तकं स्वतःची, पंखा वाचनालयाचा.