शिक्का आधी, शोध मागाहून

कॉलेजच्या कमानीवर अभिनंदनाचा फ्लेक्स चढला की शोध लागला, असं धरून चालायची आपली रीत आहे. वर ठळक अक्षरांत 'भारत सरकारचे पेटंट प्राप्त'. खाली फोटोंची रांग. संस्थापक सगळ्यांत मोठे, प्राचार्य त्यांच्या खालोखाल, आणि ज्या पोराने प्रयोगशाळेत हात काळे केले त्याचा फोटो नेमका फ्लेक्स छपाईला जाताना सापडला नाही. कॉलेज कुठलं ते विचारू नका. आष्ट्याच्या स्टँडवरून कुठल्याही दिशेची एसटी पकडा, तासाभरात एक तरी कमान लागेल.

प्राप्त बहुधा काहीच झालेलं नसतं. पेटंट कार्यालय आलेला जवळजवळ प्रत्येक अर्ज अठरा महिन्यांनी आपल्या जर्नलमध्ये छापतं. तेवढा धीर नसेल तर नमुना 9 भरायचा, व्यक्तीसाठी 2500 रुपये, की महिन्याभरात छापून मोकळे. तोवर अर्जातला शोध कुणी तपासलेला नसतो. तपासणारा परीक्षक पुढच्या पायरीवर भेटतो, आणि तोही तपासणीची वेगळी मागणी करून वेगळे पैसे भरले तरच. पण मानांकनाच्या तक्त्यात नुसत्या प्रकाशित अर्जालाही रकाना आहे, आणि सप्टेंबर 2021 मध्ये शिक्षणसंस्थांना शुल्कात 80 टक्के सवलतही मिळाली. मग अर्जांना काय तोटा!

आष्ट्याच्या पेठेतल्या शिक्केवाल्याला या भानगडीचं काही पडलेलं नाही, पण प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन पाहायचं तर त्याच्याकडेच जावं. काचेवर अक्षरांची निगेटिव्ह ठेवतो, कडेने पट्टी चिकटवतो, वर दाट, पिवळसर रेझिन ओततो. बुडबुडा दिसला की सुईने फोडतो. वर फिल्म, तिच्यावर दुसरी काच, आणि सगळं यूव्ही ट्यूबच्या पेटीत. निगेटिव्हच्या पारदर्शक भागातून प्रकाश गेला तिथे रेझिन घट्ट होतं, काळ्या भागाखालचं पातळच राहतं. मग साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासायचं. पातळ वाहून जातं आणि मागे उलटी अक्षरं उभी राहतात. हँडलला चिकटवली की सोसायटीला सचिव मिळतो.

यात असतं काय, म्हणून विचारलं. म्हणाला, "बाटलीवर लिवलेलं न्हाई, आन् आपल्याला इचारायचं कारणबी पडलं न्हाई. उन्हात ऱ्हायली तर बाटलीचाच शिक्का हुतोय, एवढं ठावं हाय."

एवढं ज्याला ठाऊक आहे त्याला निम्मं रसायनशास्त्र ठाऊक आहे. उरलेलं असं: एक लांब साखळीचा ॲक्रिलेट, तो लवचीकपणा देतो. एक पातळ मोनोमर, तो साखळ्या एकमेकींना बांधतो. एक फोटोइनिशिएटर, तो प्रकाश पिऊन साखळीला सुरुवात करून देतो. आणि बाटलीतच गोळा होऊ नये म्हणून हायड्रोक्विनोनसारखा एखादा रोधक. दाताच्या डॉक्टरांचं पांढरं सिमेंट निळ्या दिव्याखाली घट्ट होतं त्यामागेही हीच युक्ती. तिथला इनिशिएटर कॅम्फरक्विनोन, म्हणजे देवघरातल्या कापराचाच भाऊबंद.

आता एक काल्पनिक प्राध्यापक घेऊ. कॉलेजही काल्पनिक. सरांना बाटलीतलं रेझिन दिसलं, सांगलीची हळद दिसली, आणि अर्ज तयार झाला: 'हळदयुक्त प्रकाशसंवेदी रेझिन मिश्रण व त्याची निर्मितीपद्धत'. ॲक्रिलेट 5 ते 95 टक्के, मोनोमर 5 ते 95 टक्के, हळदीचा अर्क 0.01 ते 50 टक्के. पुढे रासायनिक सूत्र, त्यात R म्हणजे हायड्रोजन, किंवा एक ते वीस कार्बनांचा कुठलाही गट, किंवा त्यांपैकी कुणाचाही कुणीही नातलग. लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार, मित्रमंडळासह' लिहितात तसं. ही लकब सरांची नव्हे. 1924 मध्ये यूजीन मार्कुश नावाच्या रंगरसायनवाल्याने अमेरिकेत ती मंजूर करून घेतली, तेव्हापासून असल्या दाव्यांना मार्कुश दावे म्हणतात. फरक एवढाच की जपानी कंपन्या असा दावा लिहितात तेव्हा त्यामागे पानंच्या पानं तक्ते असतात. घटक घातला तर काय झालं, काढला तर काय झालं, दुसरा घातला तर काय बिघडलं. चांगल्याला गोल, बऱ्याला त्रिकोण, नापासाला फुली. स्वतःच्या फुल्या छापायला छाती लागते. असल्याच रेझिनांच्या, म्हणजे चिपच्या कारखान्यात लागणाऱ्या फोटोरेझिस्टच्या निर्यातीवर जपानने जुलै 2019 मध्ये कडक नियम लावले, तेव्हा कोरियातल्या बड्या चिप कंपन्यांची झोप उडाली. सरांच्या अर्जात एक तक्ता आहे. त्यात सगळे गोल.

परीक्षक इथे नाक खुपसतो. पहिला प्रश्न: नवीन काय? पिवळा हळदीचा डाग उन्हात विरतो हे सांगली जिल्ह्यातल्या प्रत्येक आईला माहीत आहे. करक्युमिन प्रकाश शोषतं आणि रेझिन घट्ट करायला मदत करतं, हे वीसेक वर्षांपूर्वीच शोधनिबंधांत छापून आलंय. दुसरा प्रश्न कलम 3(ई) चा, आणि मिश्रणवाल्यांची खरी दांडी तिथेच उडते. नुसती सरमिसळ, जिच्यात घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होते, ती आपल्या कायद्यात शोध नाही. एकत्र आल्यावर सुट्या घटकांत नव्हतं असं काही घडलं पाहिजे, आणि ते आकड्यांनी दाखवलं पाहिजे. हळद घातल्यावर शिक्का पिवळा झाला, हा आकडा नव्हे. तिसरा, 3(पी): पारंपरिक ज्ञानाची नक्कल तर नाही ना? चौथा, हळद भारतातली, मग चेन्नईच्या जैवविविधता प्राधिकरणाचं काय केलंत? या चौथ्या प्रश्नावर सरांनी वकिलाला फोन लावला. वकिलाने बिल लावलं.

हळदीवर हक्क सांगणं किती अवघड, हे खरं तर आपणच जगाला दाखवलंय. मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठातल्या दोघा भारतीय वंशाच्या संशोधकांना जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या संशोधन परिषदेचे प्रमुख. परिषदेने जुने ग्रंथ आणि 1953 चा एक वैद्यकीय शोधनिबंध यांच्यासह बत्तीस संदर्भ पुढे ठेवले, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता तेच शस्त्र आपल्या सरांवर उगारलं जातंय म्हणून रडायचं कशाला? (माशेलकरांनाही पुढे कागदाने दगा दिलाच. औषधांच्या पेटंटयोग्यतेवरचा त्यांच्या समितीचा अहवाल 2006 च्या अखेरीस आला. त्यात दुसऱ्याच्या लेखातला मजकूर शब्दशः उतरल्याचं निघालं. त्यांनी तो स्वतःहून मागे घेतला आणि 2009 मध्ये दुरुस्त करून दिला. फ्लेक्सवाल्यांत एवढी लाज असती तर फ्लेक्सचं कापड स्वस्त झालं असतं.)

एक मात्र आहे. सरांनी हाच अर्ज 2004 साली केला असता तर कायद्याने त्यांना दारातच अडवलं असतं. 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 5 प्रमाणे रासायनिक पदार्थाला पेटंट नव्हतंच, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होतं. दुसऱ्या पद्धतीने तोच पदार्थ करा, कुणी बोट लावणार नाही. आपले औषध कारखाने त्यावरच उभे राहिले. 1 जानेवारी 2005 पासून कलम 5 गेलं, पदार्थाला दार उघडलं, आणि दाराशी 3(डी) नावाचा राखणदार बसवला: जुन्याच पदार्थाचं नवं रूप गुणाने सरस असल्याशिवाय आत यायचं नाही. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसला तिच्या कॅन्सरच्या औषधावर हेच ऐकवलं. एवढी मोठी स्वित्झर्लंडची कंपनी परत फिरते तिथे 0.01 ते 50 टक्के हळद कितीशी टिकणार?

प्रकाशित अर्जाची किंमत काय, ते नागोयाच्या हिदेओ कोदामांना विचारावं. सरकारी संशोधन संस्थेतला हा माणूस. प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन थरावर थर चढवून त्यातून आख्खी वस्तू उभी करायची, ही कल्पना त्यांनी 1980 मध्ये मांडली, प्रयोग केले, निबंध लिहिला, पेटंटचा अर्जही केला. तपासणीची पायरी मुदतीत पार पडली नाही. अर्ज संपला. 11 मार्च 1986 रोजी अमेरिकेतल्या चक हल यांना त्याच जातीच्या यंत्राचं पेटंट मिळालं, पुढे कंपनी निघाली, आणि थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास लिहिणारे हलपासून सुरुवात करू लागले. कोदामांकडे अस्सल शोध होता, पेटंट नव्हतं. आपल्याकडे दोन्हींवाचून मिरवणूक निघते. कोदामांच्या संस्थेत कमान नव्हती, हा एक फरक. नाहीतर त्यांनाही 'प्राप्त' झालं असतं.

सरांना परीक्षकाचा पहिला अहवाल आलाय. पाच पानी. उत्तर द्यायला सहा महिने आहेत, मागितले तर आणखी तीन मिळतात. प्राचार्य म्हणाले, घाई नको. पुढच्या महिन्यात मानांकनाचे लोक यायचेत, नाकारल्याचं पत्र त्यांच्यासमोर नको. शिक्केवाल्याकडे 'पेटंट विभागप्रमुख' असा नवा शिक्का टाकलाय, दुपारपर्यंत मिळेल. सर दुसऱ्या अर्जाच्या तयारीत आहेत. या खेपेला आंबेहळद घालायची म्हणतात.