शिफ्टरभाऊ

लोहाऱ्यात ‘शिफ्ट’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. यवतमाळची एमआयडीसी इथलीच, दारव्हा रोडला लागून. जीन्सचं कापड विणणारा रेमंडचा कारखानाही याच वसाहतीत. त्यामुळे पहिली, दुसरी आणि रातपाळी हे आमचे तीन प्रहर. लग्नाची मुलगी दाखवायची असली तरी आधी मुलाची शिफ्ट विचारतात, पत्रिका नंतर. म्हणून भाऊंनी मोटारसायकलला क्विकशिफ्टर बसवल्याची बातमी गल्लीत फिरली, तेव्हा समोरच्या आजींनी मोठ्या आशेनं विचारलं, “म्हंजे आता शिफ्ट लवकर सुटते काय रे बाबू?”

शिफ्ट सुटत नाही. या गोष्टीत काहीच सुटत नाही, तोच तर भाऊंचा त्रास आहे.

भाऊ चाळिशीचे. एका कारखान्यात फिटर. डोक्यावरचे केस हेल्मेटनं नेले असं ते म्हणतात, वहिनी म्हणतात विचारांनी नेले. गाडी एमएच-२९ पासिंगची, सहा गिअरची, हप्त्यावरची. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण भाऊंचं तिच्याशी सध्या बोलणं बंद आहे. ज्यानं कुरिअरनं तो क्विकशिफ्टरचा डबा पाठवला, त्याच्याशीही बंद आहे. माझ्याशी मात्र सुरू आहे, कारण मला नाही म्हणता येत नाही आणि मी भाऊंच्या घरापुढेच राहतो.

हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. गाडीची आवड हे त्याचं आजचं रूप, एवढंच. दूरदर्शनच्या काळात हाच कवेलूवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालच्या माणसाला “आलं का?” विचारायचा. खालून “आलं, आलं, राहू दे!” असं ओरडलं तरी “अजून जरा साफ येते” म्हणून आणखी एक पीळ द्यायचा, आणि चित्रहार मुंग्यांच्या वारुळात बुडायचा. राहू दे, हे दोन शब्द त्याच्या कानात शिरतच नाहीत. भाऊंचे वडील घरच्या तिफनीचा कोन असाच बदलत बसायचे म्हणे. शेजाऱ्याची पेरणी होऊन पऱ्हाटी वर यायची, यांची तिफन अजून अंगणातच.

आता हे यंत्र काय आहे, ते थोडं सांगतो. मला भाऊंनी सतरा वेळा सांगितलं आहे, तुम्ही एकदा सोसा.

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये दाते असलेली चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. गिअर बदलतो म्हणजे एका चाकाच्या अंगावरचे खुंट सुटून दुसऱ्याच्या खाचेत जाऊन बसतात. इंजिन जोर लावत असतं तोवर हे खुंट खाचेत आवळलेले राहतात. ज्यानं बैल जुंपले आहेत त्याला हे चटकन कळेल. बैल ओढत असताना जुवातली शिवळ उपसून पाहा, निघत नाही. बैल क्षणभर थबकला, ताण गेला, की तीच शिवळ दोन बोटांनी निघते. क्लच दाबणं म्हणजे बैलाला थांबवणं. क्विकशिफ्टर बैलाला थांबवत नाही, क्षणभर ओढायचं विसरायला लावतो. गिअरच्या दांडीवर एक सेन्सर बसवतात. पायाचा दाब आला की तो खबर देतो, इंजिनची ठिणगी साधारण ५० ते ९० मिलिसेकंद बंद पडते, तेवढ्यात खुंट सुटून पुढच्या खाचेत बसतो, आणि ठिणगी परत. हातानं क्लच दाबायचा नाही, रेस सोडायची नाही. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

हे खूळ रेसच्या मैदानावरून आलं. २०२१ साली यामाहानं आर-१५ च्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १५५ सीसीच्या गाडीतही ते दिलं, तेव्हापासून कॉलेजातली पोरंसुद्धा त्याबद्दल बोलतात. पण पोरांच्या गाडीला ते कंपनीतून बसून येतं. पोरं गिअर टाकतात आणि जातात. भाऊंनी ते वेगळं आणून बसवलं आहे, आणि त्यात आकडे बदलता येतात. आकडे बदलता येणं ही भाऊंसारख्या माणसाच्या हाती देण्याची वस्तू नव्हे.

ठिणगी कमी वेळ बंद ठेवली तर खुंट सुटायच्या आत जोर परत येतो, गिअर कड्‌कन वाजतो किंवा पडतच नाही. जास्त वेळ ठेवली तर गाडी थकलेल्या बैलासारखी मान टाकते आणि मग हिसका देते. बरं, एकच आकडा सगळ्या गिअरना चालत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मधे न्यूट्रलचं गाव लागतं, तिथे वेळ जास्त. पाचव्यातून सहाव्यात कमी. सेन्सर फार हळवा ठेवला तर पाय नुसता टेकला तरी इंजिन उचकी देतं. फार निगरगट्ट ठेवला तर लाथ मारावी लागते. चेन ढिली असली तर सगळंच मुसळ केरात.

या साऱ्याला भाऊ ‘सेटिंग’ म्हणतात. रात्री अकराला “वहिनींना सांगू नका, सेटिंग करायला चाललो” असा त्यांचा आवाज भिंतीपलीकडून आला, तेव्हा एका घरी फार गैरसमज झाला होता. तो निस्तरायला मलाच जावं लागलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, बाई असती तं बरं झालं असतं. तिले कंटाळा तरी आला असता.”

भाऊंकडे दोनशे पानी वही आहे. पूर्वी तिच्यात सोयाबीनचा हिशोब होता, पुढची बारा पानं. नंतरच्या पानांवर असं :

‘दुसरा-तिसरा ६८. बरं.’
‘६६. बरं नाही.’
‘६७. सांगता येत नाही.’
‘६७, पण वारा होता.’

मोजमापाची साधनं दोन. पहिलं, वहिनींनी दिलेला डबा. त्यात वरच्या पुडात वरण. कारखान्याच्या गेटवर डबा उघडून वरण किती सांडलं ते पाहायचं. घट्ट वरण चालत नाही, कारण ते चुका लपवतं, असं भाऊंचं म्हणणं. त्यामुळे गेले चार महिने त्या घरात सगळ्यांनाच पातळ वरण आहे.

दुसरं साधन मी. मला मागे बसवून दारव्ह्याच्या दिशेनं नेतात. प्रत्येक गिअरला माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटलं की तो एक टोला. परत आल्यावर विचारणा.

“सर, किती?”

“अकरा.”

“काल नऊ होते ना बाप्पा! तुम्ही मान कडक नाही ठेवली?”

“ठेवली होती.”

“मंग ठेवू नका ना! गाडीचं खरं नाही समजत त्यानं.”

माझी स्वतःची स्प्लेंडर आहे. चारही गिअर पुढे, चवड्यानं दाबा नाहीतर टाचेनं, ती कधी काही म्हणत नाही. तिच्यावर मी भाऊंच्या आधी पोचतो. कारण सोपं आहे. क्लच दाबून गिअर टाकायला पाव-अर्धा सेकंद लागतो, तो भाऊंचा वाचतो. लोहाऱ्यातून यवतमाळच्या बसस्टँडपर्यंत गाई, बकऱ्या, ऑटो आणि नवरदेवाच्या वराती धरून तीसेक वेळा गिअर वर चढतो. म्हणजे झाले साडेसात सेकंद, फार तर पंधरा. ते वाचवून भाऊ टपरीवर थांबतात आणि पाऊण तास कसे वाचवले ते सांगतात. मी हा हिशोब एकदा त्यांना मांडून दाखवला. ते रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “सर, तुम्ही गणिताचे नव्हते ना? मराठीचे होते.” तो विषय तिथंच मिटला.

एक गोष्ट मात्र भाऊंच्या बाजूनं लिहायला हवी. चारपाच महिन्यांत एकदा, फक्त एकदा, तिसऱ्यातून चौथा असा पडला की मला कळलाच नाही. ना टोला, ना हिसका. इंजिनचा सूर तेवढा एक पायरी उतरला, तानपुऱ्याची तार कुणी हलकेच छेडावी तसा. भाऊंनी गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघं पळसाखाली उभे राहिलो. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मी म्हटलं, “भाऊ, झालं. आता राहू द्या.” त्यांनी खिशातून पाना काढला.

मग आले काकाजी.

गल्लीच्या टोकाला काकाजी राहतात, पंचाहत्तरीचे, आणि त्यांची १९७९ ची येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावाची. त्या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी निघाली, १९९६ ला तो बंद पडला, काकाजींची गाडी पडली नाही. तिला किक आणि गिअर यांची एकच दांडी : आत ढकलून वर फिरवली की किक, सुरू झाली की पुन्हा खाली फिरवून तोच गिअर. आणि गंमत अशी की त्या गाडीत गिअरची दांडी दाबली की क्लच आतून आपोआप सुटायचा. हाताला फक्त गाडी उभी राहताना आणि हलताना काम.

काकाजी उकिडवे बसलेल्या भाऊंपाशी थांबले.

“काय करून रायला बे?”

भाऊंनी सांगितलं. सेन्सर, ठिणगी, मिलिसेकंद, सगळं. काकाजींनी तंबाखू मळून होईपर्यंत ऐकलं.

“म्हंजे क्लच न दाबता गिअर.”

“हो ना, काकाजी.”

“थे तं मी ७९ पासून टाकून रायलो.”

शांतता. गल्लीतल्या एका कुत्र्यानंही मान वर केली.

“पण काकाजी, तुमच्या गाडीत ठिणगी नाही ना बंद होत…”

“कायले बंद करू? चांगली जळून रायली थे.” काकाजींनी तंबाखू ओठात टाकली, आणि भाऊंच्या पायाकडे बघून विचारलं, “हे काय घातलं बे पायात?”

भाऊंच्या पायात रबरी स्लिपर होती. निळ्या पट्ट्याची, टाचेला झिजून कागद झालेली. कारखान्यात बूट सक्तीचे, म्हणून बाहेर पडल्याबरोबर ते काढून स्लिपर घालायची भाऊंची जुनी सवय. सेटिंगची प्रत्येक फेरी, वहीतला प्रत्येक आकडा, माझ्या मानेवरचा प्रत्येक टोला त्याच स्लिपरनं घडवलेला.

“दांडी वर उचलते तं हे रबर वाकते,” काकाजी म्हणाले. “पाय कधी अर्धा लागते, कधी पुरा. मशीन काय करन त्यात? आंधी पाय लावा, मंग कॉम्प्युटर लावा.”

आणि ते निघून गेले. येझदी पहिल्या किकला सुरू झाली, हे मुद्दाम सांगायला नको, पण झाली.

भाऊ बराच वेळ स्लिपरकडे बघत बसले. मला वाटलं, संपलं. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनाही वाटलं असावं. त्या दिवशी रात्री त्यांच्याकडे घट्ट वरणाचा वास आला.

दुसऱ्या दिवशी भाऊ यवतमाळला जाऊन बूट घेऊन आले. जाड तळव्याचे. जाड तळव्यामुळे पाय दांडीखाली शिरेना, म्हणून दांडी वर घ्यावी लागली. त्या दांडीच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे. मधला तुकडा अर्धा फेरा फिरवला की उंची बदलते. उंची बदलली की दाब बदलतो. दाब बदलला की सेन्सर बदलतो.

वही भरली होती. परवा नवी आणली. तिच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे : ‘बूट, डावा. ६८ पासून पुन्हा. सरांना विचारणे.’