अष्टमीचा आवाज, रोह्याचा कान

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. नगरपालिका एकच. सणासुदीला मात्र दोन्ही काठ एकमेकांचे स्पीकर मोजतात. पलीकडे चार टॉप लागले की अलीकडे आठ हवेत.

यंदा मंडळाचा साउंड बघणारा पोरगा म्हणाला, "काका, डबल वॅटचा ॲम्प्लिफायर आणतोय. आवाज पण डबल!"

म्हटलं, आधी मीटर आण.

गाणं बंद करून एकसुरी टोन सोडला आणि ॲम्प्लिफायरच्या टोकांना मीटर लावला. २० व्होल्ट. स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम छापलेले. मग तार सोडवून तेही मोजले, तर मीटरवर साडेसहाच. "दुकानदारानं गंडवलं!" पोरानं निकाल देऊन टाकला. बिचाऱ्या दुकानदाराचा काही दोष नाही. मीटर मोजतो तो कॉइलच्या तारेचा नुसता डीसी रोध; छापलेले ८ असतात आवाजाच्या, म्हणजे एसीच्या हिशेबाचे. तेच धरायचे. व्होल्टचा वर्ग ४००, भागिले ८, झाले ५० वॅट.

इथवर दहावीचं गणित. पुढे येतो लॉग, ज्याच्या धाकानं निम्मा वर्ग कॉमर्सला गेला. ५० चा लॉग १.७, गुणिले १०, म्हणजे १ वॅटच्या वर १७ डेसिबल. टेलिफोनवाले मिलिवॅटपासून मोजतात, त्यांच्याकडे हेच ४७ होतात. कुठून मोजलं ते न सांगता नुसते डेसिबल सांगणं म्हणजे स्टँड न सांगता 'पुढचा स्टॉप' सांगणं.

आता पोराचा डबल ॲम्प्लिफायर घ्या. १०० वॅट, २० डेसिबल. वाढ किती? तीन! पैसे दुप्पट, वीज दुप्पट, आणि ऐकणारा म्हणणार, "जरा वाढवला का रे?" कानाला आवाज खरोखर दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट ताकद: ५०० वॅट, स्पीकरवर ६३ व्होल्ट. तोवर स्पीकर टिकला तर. मला विचाराल तर कानाची ही रचना निसर्गानं मंडळांचा अंदाज घेऊनच केली असावी.

गंमत अशी की हे माप मिरवण्यासाठी निघालंच नव्हतं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या इंजिनिअरांना लांबलांब टेलिफोन तारांत आवाज किती गळतो ते मोजायचं होतं. गळतीचं माप आपण मिरवणुकीत नेलं.

गळती हवेतही होतेच. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर धरला, तर आपल्या ५० वॅटचे तिथे १०७ होतात. १२८ मीटरवर, म्हणजे सात वेळा दुप्पट अंतरावर, ४२ वजा होऊन उरतात ६५. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ सांगतात. ६५ चे ४५ करायचे तर ताकद शंभरावा हिस्सा, अर्धा वॅट. आणि ८ ओहमवर अर्धा वॅट म्हणजे २ व्होल्ट! पोरानं आकडा दोनदा तपासला, मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जणू मी पलीकडच्या मंडळाचा माणूस.

"काका, दोन व्होल्टवर कोण नाचणार?"

प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडे खालूबाजावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या नाचत आली, तिथे व्होल्ट शून्य.

तेव्हा पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात आली आणि डबल वॅटची गोष्ट निघाली, तर वर्गणी जरूर द्या. फक्त या पैशात तीनच डेसिबल येतात, तेवढं त्यांच्या कानावर घाला.