जरा आव्हानात्मक

सहामाहीच्या तोंडावर मुख्याध्यापकांनी बोलावलं, तेव्हाच मी समजले की नववीचा मराठीचा पेपर माझ्या गळ्यात पडला. सर म्हणाले, "बाई, यंदा जरा आव्हानात्मक काढा." मी दारापर्यंत पोचते तोच मागून हाक आली, "पण नापास कुणी व्हायला नको हं!" म्हणजे मिसळ झणझणीत हवी, पण तिखट नको.

दहावीला भाषेची प्रश्नपत्रिका गेली, कृतिपत्रिका आली, आणि नववीलाही तोच साचा. गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४; एकूण ८०. पण पेपरच्या आधी काढायचा असतो संविधान तक्ता. ज्ञानाला किती गुण, आकलनाला किती, सोपं किती, कठीण किती, आणि उभी-आडवी बेरीज जुळायलाच हवी. माझी उभी ८० आली, आडवी ८१. रात्री साडेअकरापर्यंत तो एक गुण मी कुडीच्या हरवलेल्या फिरकीसारखा शोधत होते. शेवटी वैतागून 'पोटात गोळा येणे' हा वाक्प्रचारच काढून टाकला. सकाळी गणिताच्या सरांनी तक्त्यावर नजर टाकली आणि म्हणाले, "बाई, हातचा चुकलाय." वाक्प्रचार परत आला, गोळ्यासकट.

प्रशिक्षणात आम्हाला बेंजामिन ब्लूम यांची १९५६ सालची उतरंड दाखवतात. तळाशी ज्ञान, मग आकलन, मग उपयोजन. २००१च्या सुधारणेनंतर अगदी वर नवनिर्मिती. मुलांना वरच्या पायऱ्यांवर न्या, असं तज्ज्ञ कळकळीने सांगतात. आमची काही मुलं धडा न वाचताच थेट शेवटच्या पायरीवर जाऊन बसलेली असतात. त्यांच्या उत्तरांत नवनिर्मितीशिवाय काहीच नसतं. उरलेली आकृतिबंधात रमतात. चौकटी इतक्या सुबक आखतात, की आत काही लिहून त्या बिघडवायला त्यांचा हात धजत नाही.

लेखनाचा प्रश्न मात्र मी खरंच आव्हानात्मक करायचा ठरवला. बातमीलेखनात दरवर्षी 'विद्यालयात वृक्षारोपण उत्साहात संपन्न' येतं. मुलं ती झोपेतही लिहितात. मी लिहिलं, 'गेल्या वर्षी आपल्या शाळेत लावलेल्या झाडांची आज काय स्थिती आहे, याची बातमी तयार करा.' मुख्याध्यापकांनी ते वाचलं, खिडकीतून मैदानाकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "बाई, इतकं आव्हान नको," म्हणाले. 'उत्साहात संपन्न' परत आलं.

उरला अपठित उतारा. 'अपेक्षित' प्रश्नसंचांच्या जमान्यात अपठित काही उरतच नाही, म्हणून मी तो स्वतःच लिहिला, माझ्या आजीवर. आजी शाळेत गेली नव्हती. काकांनी मिरजेहून चष्मा करून आणला, तेव्हापासून ती रोज दुपारी ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसायची. प्रश्न होता, 'आजी वर्तमानपत्र उघडून का बसत असे?' पाठ्यपुस्तकातल्या क्षमतांच्या यादीतून 'सूचित अर्थ ओळखणे' अशा धाटणीचं वाक्य शोधून त्यासमोर लिहिलं. उत्तरसूचीत उत्तर लिहिलं, 'तिला शिक्षणाची ओढ होती.' लिहिताना माझेच डोळे पाणावले.

पेपर तपासायला घेतले. एकामागून एक पेपरात लिहिलं होतं, 'आजीला शिक्षणाची ओढ होती.' मला भरून आलं. दहाव्या पेपरला शंका आली, विसाव्याला खात्री पटली. परीक्षेतल्या आजीला शिक्षणाचीच ओढ असते, जशी शेतकऱ्याला पावसाची आणि सैनिकाला मातृभूमीची. त्यासाठी उतारा वाचावा लागत नाही. मग मागच्या बाकावरच्या एकाचा पेपर आला. त्याने लिहिलं होतं, 'चष्मा नवा होता म्हणून.'

मी लाल पेनाने शून्य काढायला घेतलं आणि हात थांबला. उतारा पुन्हा वाचला. माझाच उतारा, पण आत्ता पहिल्यांदा वाचल्यासारखा. चष्मा आला, 'तेव्हापासून' ती बसायला लागली, हे मीच लिहिलं होतं. शिक्षणाची ओढ उताऱ्यात कुठेही नव्हती. ती फक्त उत्तरसूचीत होती.

संध्याकाळी आईला फोन केला.

"ओढ कसली गं!" आई हसली. "चष्म्याचं कौतुक होतं. पेपर उलटाच धरायची. पण ओसरीच्या अशा कडेला बसायची, की पाण्याला जाणाऱ्या बायकांना चष्मा दिसलाच पाहिजे."

म्हणजे साऱ्या वर्गात उतारा वाचला होता एकट्याने, आणि शून्य मिळणार होतं त्यालाच. मी त्याला दोनपैकी दोन दिले. बाकीच्यांचे गुण कापावे, तर 'नापास कुणी व्हायला नको' आठवलं. मग उत्तरसूचीत 'ओढ होती'च्या पुढे 'किंवा' घातलं आणि चष्मा लिहिला. मराठीत 'किंवा'इतका दयाळू शब्द दुसरा नाही.

मग क्षमतांचा तक्ता भरायला घेतला. 'सूचित अर्थ ओळखणे' यासमोर त्याच्या नावावर बरोबरची खूण केली. त्या तक्त्यात विद्यार्थ्यांचीच नावं असतात, पेपर काढणारीसाठी रकाना नसतो, म्हणून बरं.